हॅनाला मी वेळेवर पोचवलं

एसटीत चढायच्या आधी आईनं मला पोटाशी धरलं आणि तिच्या पोलक्याला खोचलेली सुई माझ्या गालाला टोचली. वाकळ शिवता शिवता तशीच उठून आली होती ती. आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. सुई काढून ठेवायचंही भान नव्हतं तिला. मी "आई गं!" म्हणून ओरडले आणि दोघींचं रडू जागच्या जागी थांबलं. ती माझा गाल चोळत राहिली, मी हसायला लागले, आणि त्या हसण्यातच गाडी हलली. पाटणच्या डोंगरातलं आमचं गाव मी सोडलं ते असं. तेव्हा मी चौदा वर्षांची होते, आठवी पास.

मामा बाजारात माथाडी होता. तुर्भ्याला राहायचा. तो म्हणाला होता, "शालू, दोन वर्सं मामीला हातभार लाव. जुळी हायत, तिला एकटीला झेपत न्हाईत. मग तिकडंच शाळंत घालू तुला." मामा खोटं बोलला असं मी आजही म्हणत नाही. जुळी मोठी होईपर्यंत दोनाची सहा वर्षं झाली आणि मग माझं लग्न झालं, एवढंच. मामीनं मला कधी शिळं वाढलं नाही. गरम भाकरी आधी माझ्या ताटात पडायची. असली माणसं मिळाली म्हणून मी या शहरात टिकले. पण आठवीच्या पुस्तकांना घातलेली खाकी कव्हरं मी पिशवीतून आणली होती, ती मात्र तशीच राहिली.

हे मी गावाकडं राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. गावाकडच्यांना वाटतं आम्ही विसरलो. आम्हाला वाटतं ते रागावलेत. दोन्ही बाजूंनी फोनवर मात्र "बरं हाय" एवढंच चालू असतं.

आता मी जुईनगरला असते. घरमालकीण कुंदाताई. इथल्याच जुन्या गावातल्या. त्यांच्या शेताच्या जागी आज बिल्डिंगा आहेत, पण बोलणं अजून खाडीकाठचंच. नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो. मी महाप्याला एका आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्यांवर आहे. शांत माणूस नाही मी. घराबाहेर पडताना गॅस तीनदा बघते आणि स्टेशनला पोचल्यावर चौथ्यांदा कुंदाताईंना फोन करून बघायला लावते. त्या म्हणतात, "तुझा गॅस बंद करून करून माझं गुडघं गेलं." पण जाऊन बघतात.

शिकायला लागले ते मुलीमुळं. तिच्या नर्सिंगच्या फॉर्मवर 'आईचं शिक्षण' असा रकाना होता. तिनं मला न विचारता 'आठवी' लिहिलं, मग थोडा वेळ पेन चावलं आणि म्हणाली, "मम्मी, तू सतरा नंबरचा फॉर्म भर ना." शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. मी म्हटलं, "या वयात?"

"तसंही टेन्शन घेतेसच ना. मग अभ्यासाचं घे."

ती होस्टेलला गेली आणि मी अभ्यासाला बसले. दहावी झाली, बारावी झाली, दोन्ही कशाबशा. मग बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं. रविवारी वर्ग असायचा. बाकावर माझ्या एका बाजूला सोसायटीचा वॉचमन, दुसऱ्या बाजूला माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. इंग्रजीला दहा कविता आणि एक जुनी कादंबरी. जुनी म्हणजे इतकी, की तिच्यातली माणसं घोडागाडीनं प्रवास करतात आणि पत्राला उत्तर यायला महिना लागतो. मॅडम आधी इंग्रजीत वाचायच्या, मग हिंदीत समजवायच्या आणि आमची तोंडं बघून शेवटी मराठीत यायच्या.

पहिली कविता एका फुटक्या होडीवर होती. होडी चिखलात पडलीय, भरती रोज येते, तिला जरा हलवते आणि निघून जाते. बस. मी ती कागदावर उतरवून पिठाच्या डब्याला चिकटवली होती. पाठ झाली तेव्हा कुंदाताईंना ऐकवली आणि अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "यात शिकवाचं काय हाय? आमचे सासऱ्यांची होरी खाडीन तशीच परलेली व्हती. मी रोज बघायची." आणि उठून खिडकीशी गेल्या, समोरच्या बिल्डिंगांकडं बघत राहिल्या. मॅडमनी दोन तास घेऊन जे समजावलं ते मला त्या बघण्यात समजलं.

आईला तीच कविता फोनवर सांगितली. ती म्हणाली, "मग? फुडं काय झालं?"

"पुढं काही नाही. संपली."

"मग त्यानं लिवलीच कशाला? त्यापरास एखादी मोठी गोष्ट न्हाई का तुमच्यात?"

अशी सुरुवात झाली. कँटीनमध्ये जेवणं तीनला आटपतात. साडेतीन ते सव्वाचार मी मोकळी असते. गावाकडं त्याच वेळेला आईच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, वाकळ पसरलेली असते आणि चौघी-पाचजणी चारी बाजूंनी बसून कडेकडेनं टाके घालत मधे सरकत असतात. आई फोन पालथ्या परातीवर ठेवायची. तसा ठेवला की आवाज मोठा येतो. मी आदल्या दिवशी डिक्शनरी घेऊन जेवढी पानं वाचली असतील तेवढी इकडून सांगायची. अडलं की थांबायची, पान उलटायची, "थांबा हं, बघते" म्हणायची. त्या तोवर दोरा ओवून घ्यायच्या.

कादंबरीतल्या मुलीचं नाव हॅना. डोंगरातल्या, दगडाच्या खाणीवरच्या गावची. बाप खाणीत गेलेला, आई लोकांचे कपडे धुणारी. हॅना सोळाव्या वर्षी शहरात टोप्या शिवायच्या दुकानात कामाला जाते. निघताना आई म्हणते, "अक्रोड झडायच्या आत ये." हॅना म्हणते, येते. मग एक साल जातं, दुसरं जातं. मालकीण सोडत नाही, नाहीतर बर्फ पडलेला असतो, नाहीतर हॅनालाच वाटतं की जरा नाव काढूनच जाऊ. आईला वाचता येत नाही. तिची पत्रं शेजारचा म्हातारा वाचून दाखवतो.

बायकांनी हॅनाला पहिल्या आठवड्यातच आपल्यात घेतलं. "टोप्या शिवती म्हंजे आपल्यातलीच की," आई म्हणाली. शेजारच्या सुलामावशीचा संशय त्या म्हाताऱ्यावर. "त्यो बरुबर वाचतोय का मनचं घालतोय, कुनी बगितलंय?" मालकिणीला तर तिनं अशा शिव्या दिल्या की मला फोनचा आवाज कमी करावा लागला, शेजारी आमचे सुपरवायझर चहा पीत होते. एकदा मधेच ती म्हणाली, "तुजी लेक बी तसलीच गं. फुडच्या सुगीला येती म्हनती आन् सुगी सरती."

आई लगेच म्हणाली, "माजी येती. परीक्षा हाय तिची."

ते ऐकून मी पुढचं पान चुकले. खरं सांगायचं तर मला गावाला जाऊन तीन वर्षं झाली होती. आधी जत्रेला चार दिवस तरी जायची. पण माझ्या रजा दहावीच्या पेपरांत गेल्या, मग बारावीच्या. शिकते म्हणून आईला अभिमान, आणि शिकते म्हणूनच मी तिला दिसत नव्हते. त्याच वर्षी तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हाही भाऊ-वहिनीच होते. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आई फोनवर म्हणाली, "येऊ नको, पेपर हायत तुजं. डोळा काय, एक हाय की अजून."

शेवटचं प्रकरण मी एका मंगळवारी वाचलं, जेवणं आटपल्यावर, पिठाच्या पोत्यांना टेकून. हॅना शेवटी गावाला येते. दार वाजवते. दार उघडणारी बाई अनोळखी असते. आई मागच्या थंडीतच गेलेली. तो पत्र वाचणारा म्हातारा एक टोपली आणून देतो, त्यात अक्रोड असतात, आईनं दर सालचे थोडे थोडे बाजूला काढून ठेवलेले. हॅना ओट्यावर बसून एक फोडते. आतून काळा पडलेला असतो. तिथं पुस्तक संपतं.

मी रडले. मोठ्यानंच रडले असणार, कारण भाजीवरच्या दोघी धावत आल्या, "कोण गेलं गं?" मी म्हटलं, हॅनाची आई. त्यांनी मला पाणी दिलं आणि हॅना कोण हे विचारायचं राहून गेलं.

साडेतीनला फोन वाजला. एरवी मी करायची, त्या दिवशी आईनंच केला. "आज शेवट हाय न्हवं? समद्या जमल्यात. सांग, पोचली का पोरगी?"

परातीवरून सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. एका डोळ्याला पट्टी बांधून आई बसली असेल, असं डोळ्यांपुढं आलं. मी म्हटलं, "पोचली."

आणि मग थांबता येईना. आई दारातच उभी होती, म्हटलं. दोघी गळ्यात पडल्या. आईनं अक्रोडांची टोपली आणली, दोघी ओट्यावर बसल्या आणि दिवस मावळेपर्यंत फोडून खात राहिल्या. एकेक अक्रोड कसा पांढरा, कसा गोड निघाला, तेही सांगितलं. तिकडं सुलामावशी म्हणाली, "देव पावला बाई." ती घरी जाऊन शिरा करून घेऊन आली. हॅना पोचली म्हणून आमच्या सोप्यात पाचजणींनी शिरा खाल्ला. पुढं महिनाभर तो शेवट मला पुन्हा पुन्हा सांगायला लागला, कारण ज्या त्या दिवशी आल्या नव्हत्या त्यांनाही तो हवा होता. दर वेळी मी थोडी भर घालत गेले. हॅनाच्या आईच्या अंगावर माझ्या आईच्या लुगड्याच्या रंगाची शालसुद्धा आली.

परीक्षेला मी हॉल तिकीट दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून नेलं. प्रश्न बघितला आणि जीव भांड्यात पडला. हॅनाच्या घरी परतण्याचं वर्णन करा. माझ्याइतकं ते कुणाला येणार? अडीच पानं लिहिली. इंग्रजी कधी नव्हे ते भराभर येत होतं. पाय ओट्यावरून खाली सोडून दोघी बसल्यात, टरफलांचा ढीग झालाय, सगळं.

गेटबाहेर माझ्या बाकावरची ती पोरगी भेटली. म्हणाली, "मावशी, किती सॅड आहे ना तो एन्ड? मला लिहिताना पण रडू आलं."

मी म्हटलं, "सॅड कसला?" आणि हे तोंडातून बाहेर पडतंय तोच कळलं, मी काय लिहून आले ते. खरा शेवट मला पाठ होता. पुस्तकात त्याच्याखाली मी पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. पण हातानं तोच लिहिला जो तोंडाला सवयीचा होता.

निकाल लागला. बाकीचे विषय सुटले, इंग्रजीला केटी लागली. म्हणजे तो पेपर परत द्यायचा. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "केटी? त्याला औशिद काय?" मी म्हटलं, परत पेपर. कशामुळं ते मात्र सांगितलं नाही.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या आधी हसल्या, मग चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिल्या. "शालनताई, अख्ख्या वर्गात ते पुस्तक तीनदा वाचलेल्या तुम्ही एकट्या. आणि तपासणाऱ्याला वाटलं असेल, या बाईनं पुस्तक उघडलंच नाही." मग म्हणाल्या, "तुमचा अभ्यास डोळ्यांनी नाही, तोंडानं होतो. खरा शेवट कुणाला तरी मोठ्यानं सांगा. एकदा सांगितलात की हाताला लागेल."

मी जिना चढायच्या आधीच कुंदाताईंकडं गेले. त्या कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, निवडत होत्या. म्हटलं, ताई, तुम्हाला एका गोष्टीचा शेवट सांगायचाय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शिरा खाल्ला तिथपर्यंत. मग हात झटकले. "मना कशाला सांगतंस? मी कंदी इचारलं व्हतं? जिला खोटं सांगितलंस तिला सांग."

चार दिवस फोन केला नाही. माझी मला भीती वाटत होती. हॅनाची आई मेली हे माझ्या आईला कसं सांगायचं? तिला वाटेल, पोरगी पुस्तकातनं मला काही सुचवतेय. किंवा मलाच वाटत होतं की सांगितलं तर तसंच होईल. असल्या गोष्टींना मी भिते. पाचव्या दिवशी साडेतीनला पुस्तक घेऊन पोत्यांना टेकले आणि फोन लावला.

"आई, परातीवर ठेव फोन. सगळ्यांना ऐकू दे. हॅनाचा शेवट मी चुकीचा सांगितला होता."

आणि वाचत, थांबत, पान उलटत सगळं सांगितलं. अनोळखी बाई, टोपली, काळा अक्रोड.  

पहिली सुलामावशी फुटली. "सा म्हैने फशिवलंस गं आमाला! मी शिरा केला त्या मेलेल्या बाईचा!"

"सुले, गप," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "मला ठावं हुतं."

"कसं?"

"समदी गोष्ट तू अडखळत सांगितलीस. थांब, बगती, पान उलटती, असं करत. आन् शेवट घडाघडा. बारीक हुतीस तवा बी खोटं बोलताना तुजी अशीच गाडी सुटायची. दुधावरची साय मांजरानं खाल्ली म्हनायचीस, मांजराचा रंग सुदीक सांगायचीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू माज्यासाठी खोटं बोललीस. मग मी तुज्यासाठी ऐकलं."

मी पुस्तक मिटलं. आई पुढं म्हणाली, "त्यामुळं गेला व्हय पेपर? आगं खुळे! पेपरात त्येंचा शेवट लिव. आपला आपून बगू."

पुन्हा पेपर झाला. या वेळी प्रश्न टोपलीवर होता. आता हात बरोबर गेला. काळा अक्रोड लिहिला, पूर्णविराम दिला आणि त्यापुढं एक शब्दही घातला नाही. पेपर देऊन घरी न जाता सुपरवायझरना फोन केला, म्हटलं, चार दिवस येत नाही. त्यांनी विचारलं, कोणी आजारी आहे का? म्हटलं, नाही, म्हणूनच चाललेय.

कुणाला कळवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोचले तेव्हा सोप्यात वाकळ पसरलेली होती. कडा शिवून झाल्या होत्या आणि मधे सुपाएवढी जागा राहिली होती. सुलामावशीनं वर बघितलं आणि म्हणाली, "आली गं बया! आता हिला इचारा, कुठला शेवट हाय ह्यो." सगळ्या हसल्या. आई उठली नाही. ऑपरेशनचा डोळा बारीक करून तिनं मला नीट बघितलं, खालपासून वरपर्यंत, आणि म्हणाली, "हातपाय धू आन् बस. मधलं तेवढं ऱ्हायलंय."

ते चार दिवस मी तिच्या समोर बसून टाके घातले. आम्ही फारसं बोललो नाही. फोनवर इतकं बोललो होतो.

चार दिवस घरात फिरले आणि कळलं, माझी तिथं आता कुठलीच वस्तू नाही. फडताळात वहिनीच्या मुलांची दप्तरं आहेत, झोपायच्या जागेवर कणगी आलीय. जुईनगरला माझा गॅस आहे, पिठाच्या डब्यावरची होडी आहे, रागावत रागावत बटण बघणाऱ्या कुंदाताई आहेत. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की आधी मी गोंधळायची. आता गोंधळत नाही, पण उत्तर सांगायला जरा वेळ लागतो.

निघायच्या दिवशी आई एसटीपर्यंत आली. मला जवळ घ्यायच्या आधी तिनं पोलकं चाचपलं, सुई काढली. तीस वर्षांपूर्वीचं तिच्याही लक्षात होतं तर. मला वाटलं, बाजूला ठेवेल. तिनं ती माझ्या पदराला टोचली आणि वर थोपटलं.

"घिऊन जा. माजी हाय ती, परत आनून दे."

निकाल परवा लागला. इंग्रजी सुटलं. आईला फोन केला तर तिनं मार्क विचारले नाहीत, पुढच्या वर्षी कुठलं पुस्तक आहे ते विचारलं, आणि शेवट आधी वाचून घे म्हणाली. सुई मी हॅनाच्या पुस्तकात शेवटच्या पानाला टोचून ठेवलीय, काळ्या अक्रोडाच्या ओळीखाली. जत्रेची रजा आत्ताच टाकलीय. सुई परत द्यायचीय.